रंगावरून ठेवलेली नावं

ठाण्याच्या चरईत अण्णा फणसे राहत. त्यांना लेक नव्हती. एकच मुलगा, सुधीर, तो कोयनेला धरणाच्या कामावर. पण घरामागच्या पडवीत एका लाकडी फळीवर अण्णांच्या पोरी नांदत होत्या, असं त्यांची बायको मंदाकिनी, म्हणजे माई, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. काचेच्या बुटक्या बाटल्या, घट्ट बसवलेली बुचं आणि आत मिठाच्या खड्यांसारखे खडे. मीठ पांढरं, हे रंगीत. एकीत पिवळेधमक, एकीत लाल, एकीत जांभळे. सगळे कोबाल्टचे क्षार, सगळे अण्णांनी स्वतः, शाळेच्या नोकरीत असताना रविवारच्या रविवार बसून केलेले.

एकच धातू इतके रंग कसे घेतो, हे अण्णा मुलांना सांगत तेव्हा फळ्यावर घर काढत. घराचा कर्ता कोबाल्ट. माजघरात त्याच्याभोवती सहा पाट मांडलेले. त्या पाटांवर जो बसेल तो घरचा. कर्त्याला धरून असणारा, सहजी न उठणारा. पाट न मिळालेले क्लोरीन बाहेर ओटीवर. ओटीवरचे मोकळे. चांदीच्या क्षाराचं पाणी घालून बाहेरून हाक मारली, की ओटीवरचे धावत जातात आणि चांदीला मिठी मारून पांढरं दही होऊन तळाशी बसतात. माजघरातले हाकेला ओ देत नाहीत. आत कोण बसलंय यावर घराचा रंग. सहाही पाटांवर अमोनिया बसला की घर पिवळं. पाच अमोनिया आणि एक पाणी, की लाल. पाण्याच्या जागी ओटीवरचा एक क्लोरीन आत येऊन बसला, की जांभळं.

परदेशातल्या जुन्या रसायनशास्त्रज्ञांनी या क्षारांना रंगांवरूनच नावं ठेवली होती. अण्णांनी ती नावं मराठीत आणली, आणि आणताना त्यांना आपल्या परसातली माती लावली. पिवळी ती शेवंती, लाल ती डाळिंबी, जांभळी ती नुसतीच जांभळी. माईंचं शिक्षण चौथीपर्यंत, पण जात्यावर बसलेली बाई ती. तिने या पोरींची ओवीही बांधून टाकली होती.

*एक शेवंती पिवळी, दुजी डाळिंबी ग लाल,*
*तिजी जांभळी रुसली, तिचे काळवंडे गाल.*

सून सरोज या घरात आली ती एम. एस्सी. होऊन. रसायन हाच तिचा विषय. मुंबईच्या एका कॉलेजात ती मुलांची प्रॅक्टिकलं घेई. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा अण्णा मध्ये पडले होते. "नाव बदलायचं नाही. पोरीनं एवढं शिकून कमावलेलं नाव तांदळात बुडवायचं नाही," म्हणाले. भटजी खोकले, मामा रुसले, आणि सरोज सरोजच राहिली. माईंनी तेवढ्यात ऐकवलंच, "मी मेली आवडी म्हणून पाटावर बसले नि मंदाकिनी होऊन उठले. तेव्हा कुठं होतं हे तुमचं शहाणपण?" अण्णा म्हणाले, "तेव्हा मी नवरदेव होतो. नवरदेवाला शहाणपण कुठून असणार?"

शाळेतून निवृत्त झाल्यावर अण्णांनी एक पुस्तक लिहायला घेतलं. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी, साध्या मराठीत, रसायनाचं. त्यांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी प्रस्तावनेत लिहूनही टाकला होता: या पुस्तकात जो प्रयोग सांगितला आहे तो लेखकाने स्वतः करून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. ऐकीव काही नाही. सगळं आयुष्य ते याच एका गोष्टीच्या आधाराने ताठ चालत आले होते.

पुस्तक कल्याणला महिपतरावांच्या छापखान्यात होतं. शेवटचं प्रकरण या कोबाल्टच्या घरांचं. त्याचे शिशाचे खिळे जुळवून झाले होते, प्रुफं तपासायला आली होती, आणि तेवढ्यात सरोजने कॉलेजच्या लायब्ररीतून एक नवं पुस्तक आणलं.

एकोणसाठ साल सरत आलं होतं. जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांनी एकत्र बसून पदार्थांना नावं कशी द्यायची याचे नियम ठरवले होते, ते छापून आले होते. नाव रंगावरून ठेवायचं नाही, शोधणाऱ्यावरून नाही, गावावरून नाही. माजघरात कोण बसलंय ते आधी सांगायचं. किती जण ते सांगायचं. मग कर्त्याचं नाव. तो किती भार पेलतो तो आकडा. आणि सगळ्यात शेवटी ओटीवर कोण आहे ते. नाव वाचलं की घर डोळ्यांपुढे उभं राहिलं पाहिजे.

"म्हणजे आपल्या जांभळीचं काय होईल?" अण्णांनी विचारलं.

"क्लोरो-पेंटामीन-कोबाल्ट तीन क्लोराइड."

"आणि डाळिंबीचं?"

"अॅक्वो-पेंटामीन-कोबाल्ट तीन क्लोराइड."

अण्णांनी चहाचा कप बशीत ठेवला. "हे नाव झालं की मालगाडी? फाटक बंद करून उभं राहावं लागेल. अगं, नाव म्हणजे हाक मारायची वस्तू. रेशनकार्ड नव्हे, घरात खाणारी तोंडं मोजायला."

"पण अण्णा, माजघर आणि ओटी तुम्हीच लिहिलंय. इतकं चांगलं मी कुठल्या इंग्रजी पुस्तकात वाचलेलं नाही. मग ते नावात का नको? शेवंती म्हटल्यावर मुलाला काय कळणार? पिवळं आहे, एवढंच."

"पुरे आहे. बाकीचं मी खाली लिहिलंय."

"उद्या तोच मुलगा कॉलेजात गेला, की त्याला ही नावं पाठ करावी लागतील. मग तुमचं शिकलेलं सगळं विसरून पहिल्यापासून."

अण्णा उठले. दाराशी जाऊन थांबले. "तुझं नाव मी बदलू दिलं नाही, सरोज. आणि तू माझ्या पोरींची नावं बदलायला निघालीस."

ते लागलं तिला. तरी ती बोलून गेली, "माझं नाव रंगावरून ठेवलेलं नव्हतं, अण्णा."

आतून माई हसल्या. अण्णा हसले नाहीत. त्या दिवसापासून घरात हा विषय मिठासारखा झाला. थोडा थोडा सगळ्यात पडायचा. वालाचं बिरडं वाढताना माई म्हणत, "घ्या, चतुर्-वाल-नारळ तीन." पण प्रकरण अण्णांचं होतं आणि नावं अण्णांची राहणार, हे सरोजने मनाशी मान्य करून टाकलं होतं. सासऱ्याच्या पुस्तकात सुनेने किती ढवळायचं?

असं ठरलेलं असताना एका रविवारी अण्णांनी प्रुफं तिच्यापुढे ठेवली. त्यांनी ती स्वतः तपासली होती. मूळ लिखाणाशी एकदा ताडून बघ म्हणाले, आणि सोमवारी तिने ती कल्याणला नेऊन द्यायची होती.

सरोज ओळीवर पट्टी ठेवून वाचत गेली. काना, मात्रा, आकडे. मग एका ओळीवर पट्टी थांबली. मूळ लिखाणात वाक्य होतं: डाळिंबी क्षार मंद आचेवर तापवला असता त्यातले पाणी निघून जाते, त्याच्या पाटावर एक क्लोरीन येऊन बसतो आणि डाळिंबीची जांभळी होते. प्रुफात हे वाक्य पेन्सिलीने खोडलं होतं आणि समासात अण्णांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: प्रयोग पुन्हा करून पाहिला. रंगात फरक पडत नाही. वाक्य गाळावे.

तिने दोनदा वाचलं. हा साधा प्रयोग. दर वर्षी तिची मुलं करतात.

पडवीत अण्णा बाटल्या पुसत बसले होते.

"अण्णा, हे डाळिंबीचं वाक्य का काढलंत?"

"कारण तसं होत नाही." अण्णांचा आवाज शांत होता. "तरुणपणी मी लिहून ठेवलं होतं. आता छापायच्या आधी म्हटलं, पुन्हा करून बघू. चांगला वाळूच्या तव्यावर तापवला. नाही बदलला. तेव्हा कशावरून लिहिलं होतं कोण जाणे. कदाचित कुठल्या पुस्तकात वाचून लिहिलं असेन, तर ती माझी चूक. बरं झालं, वेळेवर सापडली."

"आच कमी पडली असेल."

"ये, बघ तू. ठेवलेत मी दोन्ही." त्यांनी फळीवरून दोन चिनी वाट्या उचलल्या आणि पडवीच्या कठड्यावर, उन्हात, शेजारी शेजारी ठेवल्या. "हा न तापवलेला. हा तापवलेला. सांग, आहे काही फरक?"

डिसेंबरचं स्वच्छ ऊन होतं. डाव्या वाटीत फोडलेल्या डाळिंबाचे दाणे असावेत तसा लाल चुरा. उजव्या वाटीत जांभूळ चिरडल्यावर बोटांना राहतो तो रंग. इतका वेगळा, की लहान मूलही बोट दाखवेल. सरोजला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. तिने हसत वर पाहिलं. अण्णा हसत नव्हते. ते वाट्यांकडे बघत होते, मान जरा तिरकी करून, परीक्षकासारखे.

तिने वाट्या जवळ ओढून पुन्हा पाहिल्या.

"मला दिसतोय थोडा," ती हळू म्हणाली.

"थोडा म्हणजे? फरक दिसतो किंवा दिसत नाही."

"दिसतो, अण्णा."

अण्णांनी वाट्या उचलल्या. "तुला दिसणारच. तुला माझी नावं नकोत. रंग म्हणजे फसवी गोष्ट, हे तुला पटवून द्यायचंय."

"तसं नाही हो."

"असू दे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दुसऱ्याच्या डोळ्यांनी मी आजवर काही लिहिलेलं नाही."

सरोज स्वयंपाकघरात गेली. माई सोडे निवडत होत्या. तिने सांगितलं तसं माईंचे हात थांबले नाहीत, फक्त मंदावले.

"दिवाळीत मी यांना कुसुंबी पातळ सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "हे वांगी रंगाचं घेऊन आले. मी म्हटलं, पुरुषमाणूस, दुकानदारानं गळ्यात मारलं. तर हे म्हणतात, कुसुंबीच तर आहे! मी भांडले. आता वाटतं, कशाला भांडले."

"डॉक्टरला दाखवायला हवं."

"दाखवलंय. मोतीबिंदू आहे, पिकायचाय अजून. मला सांगितलं नि तुला सांगू नको म्हणाले. पण धूसर दिसतं एवढंच ते म्हणतात. रंग गेलेत हे त्यांनाच ठाऊक नाही बघ. हळूहळू गेलेल्या गोष्टी कळत नाहीत माणसाला." त्यांनी सूप बाजूला सारलं. "प्रूफ तुझ्याकडेच आहे ना? मग तू ते वाक्य परत घालून टाक. खोडलेलं खोड. यांना कुठं दिसणार आहे. पुस्तक खरं होईल, माणूसही दुखावणार नाही."

हे इतकं सोपं होतं. सरोज प्रुफापाशी जाऊन बसली. रबर घेतलं. अण्णांची पेन्सिलीची रेघ पुसली, अर्धीच पुसली. वाक्य खालून वर आलं, धुक्यातून झाड यावं तसं. पुस्तक खरं होईल. शेकडो मुलं वाचतील ती खरं वाचतील. आणि प्रस्तावनेत तो नियम तसाच राहील, की लेखकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे; आणि तो पहिल्यांदाच खोटा असेल, आणि ज्याचा आहे त्याला ठाऊक नसेल.

तिने रबर ठेवून दिलं. पेन्सिलीने अण्णांची रेघ होती तशी पुन्हा ओढली. समासातली त्यांची ओळ तिने पुसली नव्हती, हे बरं झालं असं तिला वाटलं. मग ती तीच प्रुफं घेऊन पडवीत गेली.

"अण्णा, मी हे असं घेऊन जाणार नाही. मला पटत नाही. तुम्हाला माझा डोळा पटत नाही. मग दोघांचेही डोळे सोडून देऊ या."

अण्णांनी वळून पाहिलं. बराच वेळ. शाळेतला एखादा हट्टी मुलगा आवडत असला, की मास्तर बघतात तसं.

"चांदीला विचारायचं म्हणतेस?"

तिने मान डोलावली. तिने सुचवलं नव्हतं; पण ज्याने माजघर-ओटी लिहिलं त्याला सुचवावं लागत नाही.

"विचारू," अण्णा उठले. "मी म्हणतो तसं, तापवूनही डाळिंबी डाळिंबीच राहिली असेल, तर तीनही क्लोरीन ओटीवर असतील. गार पाण्यातच चांदीला जाऊन मिळतील. मग गाळून उकळलं तर मागे काही राहणार नाही. तू म्हणतेस तसं असेल, तर एक आत जाऊन बसलेला असेल. तो गारठ्यात येणार नाही. उकळलं, घर मोडायला लागलं, की मग बाहेर पडेल." ते जरा थांबले. "तू हात लावायचा नाहीस."

"नाही लावत."

अण्णांनी दोन परीक्षानळ्यांत दोन्ही वाट्यांतले चिमूट चिमूट खडे गार पाण्यात विरघळवले, तापवलेला विरघळायला जरा रेंगाळला. थेंबभर अॅसिड घातलं. काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटलीतून चांदीच्या क्षाराचं पाणी थेंब थेंब सोडलं. दोन्हीकडे पांढरं दही लागलं. त्यांनी थेंब सोडणं चालू ठेवलं, नवं दही लागायचं थांबेपर्यंत. थेंब चुकत नव्हते; पस्तीस वर्षांची सवय बोटांत होती, डोळ्यांत नव्हती. गाळणकागदाचे दोन शंकू करून दोन्ही गाळलं. खाली दोन नळ्यांत स्वच्छ, रंगीत पाणी जमलं. त्यांनी त्यात चांदीचा आणखी एकेक थेंब टाकला, आणि स्पिरिटचा दिवा लावला.

सरोज खांबाला टेकून उभी होती. तिला कळत होतं काय होणार आहे. तिने हजारदा पाहिलेलं होतं. आणि तरी ती, एम. एस्सी. झालेली बाई, मनातल्या मनात म्हणत होती, होऊ नको. एकदाच, या एका नळीत होऊ नको.

पहिली नळी, न तापवलेल्या क्षाराची, उकळली. अण्णांनी शाळेतली जुनी काळी पाटी मागे धरली. पाणी स्वच्छ होतं. "काही नाही," ते म्हणाले. "बरोबर."

दुसरी नळी त्यांनी ज्योतीवर धरली. सुरुवातीला काही झालं नाही. मग बुडबुडे आले, आणि बुडबुड्यांच्या मधून एक पांढरं धूसर काहीतरी उतरायला लागलं. आधी उगाच आभास, मग ढग, मग कण. अण्णांनी नळी बाजूला घेतली. पाटीपुढे धरली. हलवली, थांबले, पुन्हा हलवली. पांढरं काळ्यावर त्यांना दिसत होतं. ते दिसत होतं, यात शंका नव्हती.

त्यांनी नळी स्टँडमध्ये ठेवली. दिवा झाकण घालून विझवला.

"बदलला होता तर," ते म्हणाले.

"हो."

"तू म्हणालीस तेव्हा. उन्हात."

"हो, अण्णा."

"थोडा नाही."

"नाही. खूप."

अण्णा स्टुलावर बसले. माई दाराशी येऊन उभ्या होत्या, ओल्या हातांनी. त्यांना एरवी दहा वाक्यं सुचली असती. त्यांनी नुसते पदराला हात पुसले. रस्त्यावरून कल्हईवाला ओरडत गेला, त्याचा आवाज मासुंदा तळ्याच्या बाजूला विरून गेला.

"म्हणजे ते पातळ," अण्णा शेवटी म्हणाले, माईंकडे न बघता.

"चांगलं आहे ते पातळ," माई म्हणाल्या. "मला शोभतं."

सोमवारी अण्णा सरोजबरोबर स्वतः कल्याणला निघाले. तिने कॉलेजात रजा टाकली होती. खाडीचा पूल मागे पडल्यावर दोन्ही अंगांना मिठागरं लागली. उन्हात मिठाचे ढीग पांढरेशुभ्र उभे होते. अण्णा खिडकीतून बघत राहिले. पांढऱ्याबद्दल त्यांना कुणाला विचारायचं नव्हतं.

"वाक्य परत घालायचं ना?" सरोजने विचारलं.

"घालायचं. आणि नावं काढायची."

हेच तिला हवं होतं, यासाठीच ती भांडली होती. आता ते हातात आलं, तर धरवेना.

"नावं राहू द्या," ती म्हणाली. "नवी नावं वर, तुमची खाली कंसात. दोन्ही."

"नाही."

"मुलांना आवडतील, अण्णा. मलाही आवडतात. मी तेव्हा तावातावाने बोलले."

"तू बरोबर बोललीस, तावातावाने का होईना. पण तुझ्यासाठी नाही काढत मी. नियमांसाठीही नाही." त्यांनी धोतराचा सोगा आवरला. "जिचा रंग मला ओळखता येत नाही, तिला रंगाच्या नावानं हाक मी कोणत्या तोंडानं मारू? मी प्रस्तावनेत काय लिहिलंय? आत कोण बसलंय ते मात्र मी अजून ताडू शकतो. काल ताडलं की नाही? मग तेच नाव. मालगाडी तर मालगाडी."

मुंब्र्याचा डोंगर खिडकीशी आला आणि गेला. सरोजकडे उत्तर होतं ते लाडाचं होतं, आणि अण्णांनी लाड मागितला नव्हता.

महिपतरावांचा छापखाना कल्याणच्या बाजारात, एका भुसाऱ्याच्या दुकानामागे होता. महिपतराव जाडजूड, घामट, आणि कागदाच्या भावाने कायम गांजलेले. अण्णांना स्वतः आलेले बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. लेखक स्वतः येतो तेव्हा काहीतरी मोडायचं असतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

"मास्तर, आता फक्त छापायचं बाकी आहे हो. मशीन तुमच्या प्रकरणासाठी रिकामं ठेवलंय."

"थोडी नावं बदलायची आहेत."

"थोडी म्हणजे?"

"सगळी."

खिडकीशी राघो जुळारी खिळे वेचत उभा होता. कोळसेवाडीच्या पलीकडचा आगरी माणूस, तोंडात तंबाखू, बोटं काळी. त्यानेच हे प्रकरण जुळवलं होतं. नवी नावं लिहिलेला कागद सरोजने त्याच्यापुढे धरला, तसा तो वाचून मोठ्याने हसला.

"आरं देवा! मास्तर, ती फुलं बरी व्हती की. शेवंती म्हटली का चार खिळं. ह्ये एक नाव लावता लावता माजी अर्धी ओल भरली. सगली फुलं उपटायची?"

"सगळी उपट, राघो."

"का पन?"

"मला दिसेनाशी झाली," अण्णा म्हणाले, दुकानात भाव सांगावा तसे. राघोचं हसू थांबलं. त्याने एकदा सरोजकडे पाहिलं आणि कागद आपल्या बाजूला ओढून घेतला.

महिपतराव कुरकुरले, कपाळ पुसलं, जादा मजुरीचं काहीतरी पुटपुटले आणि शेवटी हो म्हणाले. मग अण्णांनी गाळलेलं वाक्य परत घालायला सांगितलं. सरोजने मूळ लिखाण उघडलं, पण अण्णांनी हात वर केला.

"तसं नाही. तसं लिहिलं तर मी पाहिल्यासारखं होतं. घे, जुळव," ते राघोला म्हणाले, आणि वर्गात सांगत त्याच संथ आवाजात सांगू लागले, "हा क्षार मंद आचेवर तापवला असता त्यातले पाणी निघून जाते व त्या जागी एक क्लोरीन येतो. पुढे दिलेल्या चाचणीने लेखकाने याची खात्री करून घेतली आहे. या वेळी क्षाराचा रंग लाल असतो तो जांभळा होतो, हे सरोज फणसे यांनी पाहिले आहे."

"अण्णा, माझं नाव कशाला?"

"कारण तू पाहिलंस."

"सुनबाईंचं नाव," महिपतराव म्हणाले. "बरं. पण मग नीट जाऊ द्या ना. सौभाग्यवती लावू, मध्ये सुधीररावांचं नाव घालू, पुढं डिग्री."

अण्णांनी सरोजकडे मान वळवली. "कसं हवं?"

छापखान्यात शाईचा आणि रॉकेलचा वास होता, मशीनचा पट्टा कुठेतरी फटफटत होता.

"तुम्ही सांगितलंत तसंच," ती म्हणाली. "नुसतं."

राघोने खणांतून खिळे वेचायला सुरुवात केली. त्याची बोटं न बघता जात होती, स, र, काना-मात्रा, ज. जुळणीच्या पट्टीत वाक्य उलटं उभं राहिलं, आरशात असतं तसं. पुरं झाल्यावर त्याने पट्टी सवयीने अण्णांपुढे धरली. लेखक समोर असला की तो तसंच करी.

अण्णांनी ती हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली, मग उजेडाकडे, मग अंगठा त्या ओळीवरून हलके फिरवला. शिसं गार लागलं. त्यांनी पट्टी सरोजकडे दिली.

"बरोबर आहे?"

तिने ओळ उजवीकडून डावीकडे वाचली, एकेक अक्षर सुलटं करत.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग छापा," अण्णा महिपतरावांना म्हणाले आणि टोपी शोधू लागले.